एकाच मेजाभोवती: विदर्भातील ख्रिस्ती मंडळ्यांची गोष्ट

नागपूर, भंडारा आणि वर्धा या भागांत स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन मिशनरी आले. अकोला, अमरावती, खामगावकडे अलायन्स मिशन आले, यवतमाळला फ्री मेथडिस्ट, तर वाशीम-बुलढाण्याकडे नाझरीन. मिशन संस्थांनी आपापली कार्यक्षेत्रे ठरवून घेतली आणि खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती कुटुंबांचा पंथ बहुतेक वेळा पणजोबा कोणत्या तालुक्यात राहत होते, यावरूनच ठरून गेला. ज्या वादांतून हे पंथ युरोप-अमेरिकेत जन्माला आले, ते वाद इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे कधीच नव्हते. त्या वादांच्या भिंती मात्र त्याच्या वाट्याला आल्या.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी याच विदर्भात, नागपूरमध्ये, सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या (चर्च) एकत्र आल्या आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. त्यासाठीची बोलणी १९२९ पासून, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ चालली होती. सर्वांत अवघड प्रश्न होता बाप्तिस्म्याचा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती मंडळीत सामील करून घेण्याच्या विधीचा. काही मंडळ्या तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत, तर काही मंडळ्या स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करणाऱ्यालाच पाण्यात बुडवून तो देत. दोन्ही बाजूंना आपला मार्ग वचनाला धरून आहे असे मनापासून वाटत होते, म्हणून कोणालाही हार मानायला न लावता नव्या मंडळीने दोन्ही पद्धतींना जागा दिली. ऐक्याचा अर्थ एकसारखेपणा नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट कसे दाखवता येईल? मेथडिस्टांचा एक मोठा गट शेवटच्या टप्प्यावर या ऐक्यातून बाहेर राहिला, हेही इथे सांगायला हवे.

यवतमाळसारख्या कापसाच्या गावात १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही पाळकांना शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. पुढे १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. पण तोपर्यंत निरनिराळ्या पंथांच्या भावी पाळकांनी या गावात एकत्र शिक्षण घेतले.

प्रभू येशूने धरले जाण्याच्या रात्री पित्याजवळ प्रार्थना केली, ती योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात आहे. शिष्यांच्या वचनावरून पुढे जे विश्वास ठेवतील, त्या सर्वांनी एक असावे, म्हणजे जग विश्वास ठेवील, असे त्याने मागितले. जिथे अख्ख्या गावात ख्रिस्ती घरे चार-पाचच असतात, तिथे हे 'जग' म्हणजे शेजारचेच अंगण असते. मंडळीच्या जागेवरून किंवा पंचकमिटीच्या निवडणुकीवरून दोन ख्रिस्ती भाऊ बोलेनासे झाले, तर ते सगळ्या गावाला कळते, आणि मग रविवारच्या उपदेशाला काय वजन उरणार? उलट, एखाद्या घरी मयत झाली की खड्डा खणायला, पेटी खांद्यावर घ्यायला आणि रात्रभर त्या घरी बसून गीते म्हणायला सगळ्या पंथांची माणसे येतात. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने त्या सगळ्यांनाच तोंडपाठ असतात.

येशूचा प्रेषित पौल याला ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत दिसलेली फूट शिकवणीपुरती नव्हती, ती जेवणातही उतरली होती. ज्यांच्याकडे होते ते आधीच खाऊन घेत आणि कष्टकरी येईपर्यंत काही उरत नसे. म्हणून त्याने प्रभुभोजनाविषयी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीविषयी, अगदी साधी आज्ञा दिली, की भोजनाला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. विदर्भात नाताळ येतो तो कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत. वेचणीला गेलेल्या बाया सांजेला परततात, ओट्यातला कापूस तोलून देतात, मजुरीचा हिशेब होतो, हातपाय धुऊन होतात आणि त्यानंतरच त्या उपासनेला येऊ शकतात. त्यामुळे या हंगामात प्रभुभोजनाची वेळ पाळकाच्या घड्याळावर ठेवायची की या बायांच्या सोयीवर, हा गावच्या मंडळीपुढचा खरा प्रश्न आहे, आणि पौलाने त्याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे.