खिशातल्या पिस्तुलांची स्पर्धा

(दृश्य : लाकडी टेबलावर चक्र उघडून ठेवलेले, रिकामे, लहान रिव्हॉल्व्हर. मागे मातीचा उंच बांध.)

टेबलावरचे हे रिव्हॉल्व्हर तळहातात जवळजवळ मावते. स्मिथ अँड वेसन या कंपनीने या घडणीचे पहिले रिव्हॉल्व्हर 1950 साली अमेरिकेतील पोलीसप्रमुखांच्या परिषदेत मांडले आणि तेथेच त्याला ‘चीफ्स स्पेशल’ हे नाव मिळाले. त्याच्या चक्रात फक्त पाच काडतुसे बसतात. 2008 साली रुगर कंपनीने बाजारात आणलेले ‘एलसीपी’ हे पिस्तूल त्याहूनही हलके असून, रिकामे असताना त्याचे वजन सुमारे 270 ग्रॅमच भरते. कपड्यांखाली दिसू नये आणि दिवसभर अंगावर बाळगले तरी ओझे वाटू नये, हा अशा शस्त्रांच्या रचनेमागचा पहिला हेतू आहे. त्याने नेम चांगला लागावा, हा विचार त्यानंतर येतो. अशाच शस्त्रांची नेमबाजी स्पर्धा भरवायचे अमेरिकेतल्या एखाद्या गावातल्या क्लबाने ठरवले, तर आयोजकाला काय काय करावे लागते, हे या माहितीपटात आपण पाहणार आहोत.

ही स्पर्धा अमेरिकेतच का भरते, याचे उत्तर तेथील कायद्यात आहे. शस्त्र लपवून बाळगण्याचा परवाना अर्जदाराने ठरलेल्या अटी पूर्ण केल्यास द्यावाच लागेल, असा कायदा फ्लोरिडाने 1987 साली केला आणि पुढच्या काळात बहुतेक राज्ये त्याच वाटेने गेली. इलिनॉय हे 2013 साली शस्त्र लपवून बाळगायला परवानगी देणारे शेवटचे राज्य ठरले. 2022 च्या जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला, आणि 2024 पर्यंत 29 राज्यांमध्ये परवान्याचीही गरज उरलेली नव्हती. हे योग्य की अयोग्य, हा वाद त्या देशात संपलेला नाही आणि तो येथे सोडवण्याचा आमचा विचारही नाही. एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंना नाकारता येणार नाही : कायदा सैल होत गेला तसतशी लहान पिस्तुले घराघरांत पोहोचली, पण ती चालवण्याचा सराव त्या वेगाने पोहोचला नाही.

(दृश्य : कोल्हापुरातील एका रेंजवर सराव करणारे नेमबाज.)

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला नेमबाजी म्हटले की कोल्हापूर आठवते. 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवणारी राही सरनोबत आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलच्या 50 मीटर प्रकारात कांस्यपदक जिंकणारा स्वप्नील कुसाळे हे दोघेही त्याच जिल्ह्याचे. त्यांच्या खेळात नेमबाज एका जागी उभा राहतो किंवा ठरलेल्या आसनात बसतो, अंतर ठरलेले असते आणि शस्त्र केवळ त्या खेळासाठीच घडवलेले असते. आपण जी स्पर्धा पाहणार आहोत, तिच्यात नेमबाज चालतो, आडोशामागून डोकावतो, कधी एका तर कधी दोन्ही हातांनी गोळी झाडतो, आणि त्याच्या हातातले शस्त्र तेच असते जे एरवी त्याच्या खिशात असते. भारतात असा खेळ रुजण्याला कायद्याचाच मोठा अडसर आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली प्रत्येक बंदुकीला परवाना लागतो, आणि अमेरिकेतल्या या स्पर्धांत सर्वांत जास्त दिसणारे 9 मिलिमीटरचे पिस्तूल आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या नळीच्या मापात, मोडत असल्याने सामान्य नागरिकाला मिळत नाही.

अमेरिकेत अशा ‘व्यावहारिक’ नेमबाजीच्या संघटना जुन्या आहेत. इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन 1976 साली मिझुरी राज्यातल्या कोलंबिया गावी स्थापन झाली. पुढे स्पर्धकांची पिस्तुले रोजच्या वापरापासून फार दूर गेली आहेत, अशी तक्रार करणाऱ्या काही नेमबाजांनी 1996 साली इंटरनॅशनल डिफेन्सिव्ह पिस्टल असोसिएशन, म्हणजे आयडीपीए, ही वेगळी संघटना काढली. तिने पिस्तुलांचे गट पाडले, पिस्तूल ठरावीक मापाच्या पेटीत मावते की नाही हे तपासण्याची पद्धत आणली, कपड्याखालून शस्त्र काढण्याची अट घातली, आणि कालांतराने लहान पिस्तुलांसाठी ‘बॅकअप गन’ नावाचा स्वतंत्र गटही केला. स्थानिक क्लब बहुधा याच नियमांचा आधार घेतात.

तरीही मोठ्या पिस्तुलांसाठी आखलेल्या नेहमीच्या मासिक स्पर्धेत लहान पिस्तूल घेऊन उतरणाऱ्याचे हाल होतात, आणि त्याची कारणे मोजता येण्याजोगी आहेत. नेम धरण्यासाठी पिस्तुलावर असलेली पुढची माशी (उंचवटा) आणि मागची खाच यांच्यातले अंतर ग्लॉक 17 या पूर्ण आकाराच्या पिस्तुलात सुमारे 165 मिलिमीटर असते. खिशातल्या पिस्तुलात ते 100 मिलिमीटर आहे असे धरले आणि नेम धरताना माशी एक मिलिमीटर सरकली, तर 10 मीटरवर लहान पिस्तुलाची गोळी 10 सेंटिमीटर बाजूला जाते. मोठ्या पिस्तुलात तीच चूक 6 सेंटिमीटरवर थांबते. वजन कमी असल्याने धक्का जास्त बसतो, आणि मूठ इतकी आखूड असते की करंगळीला पकडायला जागाच मिळत नाही. घोडा आत लपवलेल्या रिव्हॉल्व्हरचा चाप प्रत्येक गोळीला पाच किलोच्या आसपास जोर लावून, लांबवर ओढावा लागतो. त्यात स्पर्धेच्या एका टप्प्यात, म्हणजे स्टेजमध्ये, 18 गोळ्यांपर्यंत मुभा असते. पाच गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरवाल्याने ती स्टेज पुरी करायची, तर त्याचा निम्मा वेळ काडतुसे भरण्यातच जाईल.

म्हणून चांगला आयोजक नेहमीच्या स्पर्धेतून एकेक गोष्ट कमी करत जातो, आणि त्याचे कसब त्यातच दिसते.

(दृश्य : कागदावर पेन्सिलीने काढलेला स्टेजचा आराखडा, यार्डांत लिहिलेली अंतरे.)

सर्वांत आधी तो गोळ्यांची संख्या ठरवतो. घड्याळ चालू असताना कोणालाही पुन्हा काडतुसे भरावी लागू नयेत, यासाठी प्रत्येक फेरी पाच गोळ्यांतच संपेल अशी आखली जाते. पिस्तूलवाल्याकडे सहा किंवा दहा गोळ्या असल्या तरी त्याने पाचच झाडायच्या. पाचांच्या पटीत आखणी करण्याची ही कल्पना नवी नाही. स्पर्धकांची श्रेणी ठरवण्यासाठी आयडीपीएने स्वीकारलेली ‘फाइव्ह बाय फाइव्ह’ ही 25 गोळ्यांची, 10 यार्डांवरची चाचणीही याच हिशेबावर उभी आहे. अंतराच्या बाबतीत आयोजकाला दोन्हीकडून सांभाळावे लागते. सगळी लक्ष्ये तीन यार्डांवर लावली तर कोणाचीच परीक्षा होत नाही, आणि पंधरा यार्डांवर लावली तर पहिल्यांदा आलेला माणूस हिरमुसून परत जातो. तीन ते सात यार्डांमध्ये बहुतेक लक्ष्ये आणि दहावर एखादे, ही वाटणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. दहा यार्डांवरचे ते एकच लक्ष्य सर्वांना आपल्या शस्त्राची मर्यादा दाखवायला पुरेसे असते.

अंतर कमी केले की पोलादी लक्ष्यांचा मोह टाळावा लागतो. गोळी लागताच टणत्कार करून खाली पडणारी पोलादी पाटी सर्वांनाच आवडते, पण गोळीचे शिशाचे कण पोलादावरून उलट उडतात. त्यामुळे पोलाद साधारण 10 यार्डांच्या आत लावू नये, असा नियम आहे, आणि लहान पिस्तुलांची स्पर्धा तर त्याच पट्ट्यात रंगते. परिणामी जवळजवळ सगळी स्पर्धा पुठ्ठ्याच्या लक्ष्यांवर होते. पुठ्ठा स्वस्त असला तरी त्याच्यामागे राबणूक फार. लाकडी पट्ट्यांवर तो स्टेपलरने ठोकावा लागतो, प्रत्येक स्पर्धकानंतर त्यातली भोके चिकटपट्टीने बुजवावी लागतात, आणि पाऊस आला तर त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्या लागतात, कारण ओल्या पुठ्ठ्यावर चिकटपट्टी धरत नाही. हे काम स्पर्धकांनीच आळीपाळीने करायचे असते. जो केवळ आपली पाळी आली की उठतो, त्याच्याविषयी क्लबात काय बोलले जाते, ते सांगण्याची गरज नाही.

सुरुवात कोठून करायची, हा सर्वांत अवघड निर्णय. खऱ्या आयुष्यात ही पिस्तुले खिशात, पोटरीवर किंवा पर्समध्ये असतात, तेव्हा स्पर्धेतही ती तेथूनच काढावीत, असे कोणालाही वाटेल. परंतु खिशातून घाईने शस्त्र काढताना नळीचे तोंड स्वतःच्या मांडीवरून फिरते, आणि पोटरीवरून काढायला वाकलेल्या माणसाची नळी कोठे वळेल याचा नेम नसतो. म्हणूनच अनेक आयोजक हा भाग सरळ वगळतात. पिस्तूल टेबलावर किंवा उघड्या खणात ठेवलेले असते, अथवा स्पर्धक ते दोन्ही हातांत धरून नळी जमिनीकडे रोखून उभा असतो, आणि तेथून फेरी सुरू होते. खऱ्या परिस्थितीचा आभास त्यामुळे कमी होतो हे खरे, पण अनोळखी तीस माणसांच्या हातात भरलेली शस्त्रे देणाऱ्या आयोजकाने आभासापेक्षा सुरक्षेकडे झुकावे, यात मला काही वावगे दिसत नाही. कमरेच्या बाजूला नीट म्यान लावून आलेल्या, अनुभवी स्पर्धकांसाठी एखादी स्टेज वेगळी ठेवता येते.

(दृश्य : कानांवर संरक्षक, डोळ्यांवर चष्मा लावलेला सुरक्षा अधिकारी, हातात टाइमर.)

रेंजवर शस्त्रे ‘थंड’ असतात, म्हणजे आपली पाळी येईपर्यंत प्रत्येकाचे पिस्तूल रिकामे असते. ते पेटीतून काढायला एक सुरक्षित जागा आखून दिलेली असते, आणि त्या जागी काडतुसाला हात लावायलाही मनाई असते. पाळी आली की सुरक्षा अधिकारी ठरलेल्या क्रमाने आज्ञा देतो. ‘लोड अँड मेक रेडी’ म्हटल्यावर शस्त्र भरायचे, ‘स्टँडबाय’नंतर टाइमर वाजला की सुरुवात करायची, आणि शेवटी ‘अनलोड अँड शो क्लिअर’ ऐकताच शस्त्र रिकामे करून दाखवायचे. टाइमर प्रत्येक गोळीचा आवाज टिपतो आणि शेवटच्या आवाजाची वेळ धरली जाते. नळीचे तोंड 180 अंशांच्या काल्पनिक रेषेमागे गेले, तर स्पर्धक त्या दिवसापुरता बाद होतो, मग तो कितीही जुना सभासद असो.

लहान पिस्तुलांसाठी या अधिकाऱ्याला डोळ्यांत जास्तच तेल घालावे लागते. मूळ एलसीपीमध्ये शेवटची गोळी सुटल्यावर वरचा सरकता भाग मागे अडकून राहत नाही. पिस्तूल रिकामे झाले तरी बंदच दिसते आणि भरलेले असले तरी तसेच दिसते. त्यामुळे मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारा काडतुसांचा खण, काढून, तो भाग मागे ओढून, आतली जागा स्पर्धक आणि अधिकारी या दोघांनीही नीट पाहिल्याशिवाय ‘क्लिअर’ म्हणता येत नाही. नळी आखूड असल्याने आधाराच्या हाताचे बोट तिच्या तोंडापुढे जाण्याचा धोका असतो. रिव्हॉल्व्हरच्या चक्राच्या बाजूने तप्त वायू निसटतो आणि तेथे आलेला अंगठा भाजून काढतो. गोळी अडकल्यास माणूस पिस्तूल छातीजवळ आणून नकळत आडवे करतो, आणि इवलीशी नळी क्षणात शेजाऱ्याकडे वळते. स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच्या सूचनांत या चारही गोष्टी शस्त्र हातात घेऊन दाखवाव्यात. नुसत्या वाचून दाखवलेल्या सूचना कोणी ऐकत नाही.

क्लबाची परवानगी, विमा, जबाबदारी स्वतःवर घेतल्याची सही केलेली पत्रके, प्रथमोपचाराची पेटी आणि जवळच्या रुग्णालयाचा पत्ता, ही कामे कंटाळवाणी असली तरी ती आधीच्या आठवड्यात उरकलेली असावी लागतात.

निकालाचे गणित सोपे आहे. गोळ्या झाडायला लागलेला वेळ सेकंदांत धरायचा आणि त्यात चुकांचे सेकंद मिळवायचे. पुठ्ठ्याच्या मधल्या, आठ इंची वर्तुळात गोळी लागली तर दंड शून्य; बाहेर जावे तसा दंड वाढतो. पूर्वी हुकलेल्या प्रत्येक गुणाला अर्धा सेकंद लागत असे, 2017 पासून आयडीपीएने तो पूर्ण एक सेकंद केला. हा बदल लहान पिस्तुलांच्या स्पर्धेत फार जाणवतो. एकाने पाच गोळ्या 3.10 सेकंदांत झाडून तीन गुण घालवले, तर त्याचा हिशेब 6.10 होतो; दुसऱ्याने 4.20 सेकंद घेऊन पाचही गोळ्या वर्तुळात बसवल्या, तर तो सहज पुढे जातो. नव्या स्पर्धकाला सावकाश नेम धरायला सांगण्याची गरजच उरत नाही, टॅब्लेटवर मांडलेले आकडेच त्याला ते सांगतात.

आयोजकाची आजची खरी अडचण मात्र दुकानातल्या काउंटरवर सुरू झालेली आहे. 2018 साली सिग सॉअरने ‘पी 365’ हे पिस्तूल आणले. त्याची नळी 3.1 इंचांची, आकार खिशातल्या पिस्तुलाजवळ जाणारा, आणि मॅगझिनमध्ये मात्र दहा गोळ्या. पुढच्याच वर्षी स्प्रिंगफील्ड आर्मरीने ‘हेलकॅट’मध्ये अकरा बसवल्या. या पिस्तुलांची मूठ आणि माश्या पूर्वीच्या खिशातल्या पिस्तुलांपेक्षा कितीतरी चांगल्या आहेत. पाच गोळ्यांची मर्यादा घालून आयोजक त्यांची साठवण बरोबरीत आणतो, पण चांगली मूठ आणि सोपा चाप काढून घेता येत नाही. त्यामुळे रिव्हॉल्व्हर, अगदी लहान पिस्तुले आणि ही नवी दहा-अकरा गोळ्यांची पिस्तुले, अशा तीन वेगळ्या निकालयाद्या लावणे अनेकांना भाग पडते. तीस स्पर्धकांच्या स्पर्धेत रिव्हॉल्व्हरच्या यादीत कधी कधी चारच नावे उरतात. त्या चौघांसाठी वेगळी यादी ठेवावी की नाही, यावर क्लबाच्या बैठकीत दर वेळी चर्चा होते. आमच्या मते ठेवावी, कारण पाच किलोचा चाप ओढून 10 यार्डांवरच्या वर्तुळात पाच गोळ्या बसवणाऱ्याची तुलना त्याच चौघांत होऊ शकते.