आधी बोटांचे दिवस ठरवा

(दृश्य : पहाट, विद्यापीठ परिसर, मागे गोगाबाबा टेकडी)

छत्रपती संभाजीनगर, जानेवारीतली पहाट. टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कानटोप्या घालून फिरायला निघालेली ज्येष्ठ मंडळी, आणि त्यांच्यामधून वाट काढत पळणारी भरतीची पोरं. मराठवाड्यात अनेकांचं पळणं इथूनच सुरू होतं. पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची : मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक.

ही त्यांच्यातलीच एक. पैठण तालुक्यातून शहरात आली, भरतीसाठी पळायला लागली. पुढे नोकरी दुसरीकडे लागली, पण पळणं सुटलं नाही. गोळाफेकीच्या तयारीसाठी जिममध्ये गेली आणि बारबेल, म्हणजे वजनाच्या प्लेट लावायचा लोखंडी दांडा, आवडला. मैत्रिणींबरोबर डोंगरात गेली आणि कातळ चढायचा नाद लागला. आता तिला यातलं काहीच सोडायचं नाही.

(दृश्य : जिम, स्क्वॅटचा रॅक)

पळणं आणि वजनं एकमेकांच्या मुळावर येतात, असं जिममध्ये सर्रास सांगतात. त्यात तथ्य आहे. अमेरिकी संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. दहा आठवडे एका गटाने फक्त ताकदीचा व्यायाम केला, दुसऱ्याने फक्त दमसासाचा, तिसऱ्याने दोन्ही. तिसऱ्या गटाची ताकद सुरुवातीला चांगली वाढली, सातव्या आठवड्याच्या आसपास थबकली आणि शेवटी उतरू लागली. दमसास मात्र वाढतच राहिला. पण हे सांगताना एक गोष्ट गाळली जाते. त्या लोकांनी आठवड्यातले पाच दिवस वजनं उचलली आणि सहा दिवस जोरकस दमसासाचा व्यायाम केला. नोकरी सांभाळून एवढं कुणी करत नाही, करूही नये. आठवड्यातून दोनदा बारबेल धरणाऱ्याने त्या प्रयोगाला घाबरून पळणं सोडायचं कारण नाही.

मंगळवार तिचा सगळ्यांत जड दिवस. पहाटे ४०० मीटरचे वेगातले फेरे, संध्याकाळी स्क्वॅट, म्हणजे खांद्यांवर बारबेल घेऊन उठाबशा. एकाच दिवशी पायांवर दोनदा भार, कारण त्यामुळे बुधवारी पायांना पुरती सुट्टी मिळते. रोज थोडं थोडं ताणलं तर पाय कायम अर्धवट थकलेले राहतात. वेग येत नाही आणि वजनही वाढत नाही. दोन्ही सत्रांत सहा तासांहून जास्त अंतर हवं आणि मधे पोटभर जेवण. दुपारच्या डब्यात ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाण्याची चटणी आणि उकडलेली अंडी. अशा दिवशी कमी खाऊन वजन घटवायला जाणं म्हणजे दुखापतीला आमंत्रण.

पळणाऱ्याला ताकद कशाला, असं विचारणाऱ्यांनी आपल्या बीड जिल्ह्याकडे बघावं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेस पळतो. त्या एका शर्यतीत २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकलं. थकलेल्या पायांनी अडथळ्यावरून जायला नुसता दम पुरत नाही.

(दृश्य : तळहाताचा क्लोजअप, बोटांना चिकटपट्टी)

पायांचं गणित जमलं, तरी बोटांचं राहतंच. चढताना शरीराचा भार अनेकदा बोटांच्या टोकाच्या पेरांवर येतो. बोटांत मात्र वाकवणारा स्नायूच नाही. तो असतो कोपर ते मनगट या भागात, आणि त्याची ओढ कंडरांमधून, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या धाग्यांमधून, बोटांपर्यंत पोचते. या कंडरांना हाडाशी धरून ठेवणाऱ्या छोट्या पट्ट्या बोटांत असतात. बारीक कडेवर लटकताना त्या पट्ट्यांवर जबर ताण येतो आणि एखादी फाटली तर बरं व्हायला महिने जातात. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतो. कंडरेला रक्तपुरवठा कमी, तिला फार वेळ लागतो. अंगात ताकद आली म्हणून बोटंही तयार झाली, या समजुतीपायी कितीतरी उत्साही पोरं जायबंदी होतात.

म्हणूनच तिने वेळापत्रक आखताना आधी बोटांचे दिवस ठरवले आणि बाकी सगळं त्यांच्याभोवती बसवलं. हाच क्रम योग्य, असं आमचंही ठाम मत आहे. बोटांचे दिवस दोनच : रविवारी कातळ, बुधवारी दाराच्या चौकटीवर बसवलेला, बोटांनी लटकायचा लाकडी फळा. गुरुवारी पहाटे लांबचं पळणं, तेही बोलता बोलता पळता येईल इतक्या संथ वेगाने. शुक्रवारी डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून बारबेल उचलणं. “ताई, स्ट्रॅप कशाला बांधता? ग्रिप वाढू द्या की,” जिममधला एकजण म्हणतो. ती हसून मनगटाचे पट्टे आवळते, म्हणजे बोटांवरचा भार हलका होतो. ग्रिप तिला रविवारसाठी राखायची आहे. त्यानंतर शोल्डर प्रेस, म्हणजे वजन डोक्यावर ढकलणं, कारण चढण्यात सगळी ओढच असते, ढकलणं जवळपास नसतंच, आणि खांदे पुढे झुकत जातात. शनिवारी पूर्ण विश्रांती. सोमवारी वाटलं तर हलकं पळणं.

(दृश्य : रविवार, उघडा कातळ, हेल्मेट, दोर)

हा सगळा बेसाल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. घट्ट थरात बोटांना छान कडा मिळतात. दोन थरांमधल्या लाल मातकट पट्ट्यात मात्र हाताला येईल ते निखळतं. हेल्मेटशिवाय इथे कुणी उभं राहायचं नाही, खाली बिले देणाऱ्याने, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्यानेही. चढण्याआधी कडा नीट न्याहाळायचा, कुठे आग्या मोहोळ लटकलंय का ते बघायचं. दिसलं तर त्या दिवशी तो कडा सोडून द्यायचा. आणि वेरूळ, अजिंठा किंवा देवगिरीच्या कातळाला चढाईसाठी हात लावायचाच नाही. ती संरक्षित स्मारकं आहेत. देवगिरीचा कडा तर शत्रूला चढता येऊ नये म्हणूनच तासलेला आहे. तो खालून डोळे भरून बघावा.

कापसात तूर घेणारा शेतकरी मुख्य पीक कोणतं हे आधी ठरवतो. तिचंही तसंच आहे. हिवाळ्यात मुख्य पीक कातळ. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उजाडायच्या आत निघायचं आणि गुरुवारचं अंतर निम्म्यावर आणायचं. जूनमध्ये पाऊस लागला की कातळ ओला, निसरडा. मग रविवारी लांबचं पळणं, जिमचे दिवस दोनाचे तीन आणि बारबेलवर एकेक प्लेट वाढवायला सुरुवात. बुधवारचा फळा मात्र बाराही महिने.