बॉनच्या टेबलावरचा इराण

मंडळी, नमस्कार. आतून मसालेभाताचा वास येतोय, तेव्हा फार ताणत नाही. पाश्चात्त्यांची इस्लामकडे बघायची नजर हा विषय केवढा तरी मोठा. मी त्यातलं एकच प्रकरण सांगतो.

डिसेंबर २००१. काबूल तालिबानच्या हातून गेलं होतं आणि जर्मनीत बॉनजवळ अफगाणिस्तानचं नवं सरकार ठरत होतं. तालिबानविरोधी अफगाण गटांची आघाडी, नॉर्दर्न अलायन्स, २४ पैकी १८ खात्यांसाठी अडून बसली. तेव्हा इराणचे मुत्सद्दी जवाद झरीफ यांनी अलायन्सच्या युनूस कानूनींना बाजूला घेतलं, कानात काहीतरी सांगितलं, आणि गाडं हललं. हे सांगणारे कोण? तर अमेरिकेचेच दूत जेम्स डॉबिन्स. मसुद्यात लोकशाहीचा उल्लेख राहून गेलाय, हेही म्हणे इराणनेच दाखवून दिलं!

दोन महिने व्हायच्या आत, २९ जानेवारी २००२ ला, बुश यांनी इराणला इराक आणि उत्तर कोरियाच्या पंगतीत बसवलं: ‘ॲक्सिस ऑफ इव्हिल’, म्हणजे दुष्टांची युती. त्याच महिन्यात इस्रायलने शस्त्रांनी भरलेलं ‘कारीन ए’ जहाज पकडलं होतं आणि संशय इराणवर होता, हे खरं. तिथली राजवट काही धुतल्या तांदळासारखी नाही. पण तालिबानशी तिचं हाडवैर होतं. १९९८ मध्ये मझार-ए-शरीफला इराणी अधिकारी मारले गेले, तेव्हा युद्ध होता होता राहिलं. वॉशिंग्टनमधल्या जाणकारांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. मतदारापुढे मात्र दाढी, मुठी आणि १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकन वकिलातीत धरलेले ओलीस एवढंच चित्र होतं, आणि माझ्या मते भाषण त्या चित्रासाठी लिहिलं गेलं. १९५३ मध्ये सीआयए आणि ब्रिटिशांनी मिळून इराणचे निवडून आलेले पंतप्रधान मोसादेक यांना खाली खेचलं, ते त्या चित्रात कुठेच नाही.

या नजरेची झळ आपल्या लोकांनाही बसली आहे. ११ सप्टेंबरनंतर चारच दिवसांनी ॲरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोधी यांना त्यांच्याच गॅस स्टेशनसमोर गोळ्या घातल्या. ते शीख होते, मुसलमान समजून मारले गेले. अर्थात मुसलमान असते, तरी तो खूनच होता.

तेहरानमध्ये फायदा झाला तो कडव्यांचा. अमेरिकेशी जुळवून घेऊन काय मिळालं, असं ते तेव्हाचे सुधारणावादी अध्यक्ष खातमी यांना तोंडावर विचारू शकत होते. २००५ मध्ये त्यांच्या जागी कडवे अहमदीनेजाद आले. पुढे २०१५ च्या अणुकरारासाठी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांच्यासमोर बसले ते हेच झरीफ. ट्रम्प यांनी २०१८ मध्ये तो करार सोडला आणि २०१९ मध्ये खुद्द झरीफ यांच्यावरच निर्बंध घातले.