एकदांडी : माळावरचा दगडी पाला

पावसाळा ओसरू लागला की पुण्याच्या वेताळ टेकडीवरील खडकाळ माळावर, गवताच्या पात्यांमधून वीतभर उंचीचे सरळ देठ वर येतात आणि प्रत्येक देठाच्या टोकाला एकच फूल डोलत असते. म्हणून ही एकदांडी. कोणी तिला दगडी पाला म्हणते, कोणी कंबरमोडी. फुलाच्या कडेच्या पांढुरक्या पाकळीला तीन दात असतात. ‘ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स’ हे तिचे शास्त्रीय नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये नोंदवले. ही वनस्पती मूळची उष्ण कटिबंधातील अमेरिकेची आहे, हे मात्र तिची मराठी नावे ऐकून कोणालाही खरे वाटणार नाही.

सिंहगडाच्या पायथ्याशी शेळ्या राखणाऱ्या एका आजींच्या बोटाला विळा लागला आहे. त्या आधी बोट स्वच्छ पाण्याने धुतात, मग वाटेपासून दूर असलेल्या एकदांडीचा कोवळा शेंडाच खुडतात, किडकी पाने टाकून देतात आणि उरलेली पुन्हा धुऊन तळहातावर चोळतात. लवीमुळे खरखरीत असलेली पाने हळूहळू मऊ पडतात, हिरवा रस सुटतो, आणि तो थेंबाथेंबाने जखमेवर पिळला जातो. चोथा त्या जखमेत भरत नाहीत. आमच्या मते या साऱ्या कृतीतले खरे शहाणपण तेच आहे.

उंदरांवरील प्रयोगांत या पाल्याच्या अर्काने जखम भरण्यास मदत झाल्याचे दिसले आहे, परंतु तेवढ्यावरून माणसासाठी मात्रा ठरवता येत नाही. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि रसाने ते मरतील असे धरून चालता येत नाही. म्हणून हा उपाय किरकोळ खरचटण्यापुरताच ठेवावा, आणि जखम खोल असेल किंवा कुत्रा चावला असेल, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली ती धुवावी आणि थेट दवाखाना गाठावा. भारतात १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत एकदांडीसारखेच सूर्यफुलाच्या कुळातले आहे, तेव्हा गाजरगवताने ज्यांच्या अंगाला खाज सुटते, त्यांनी एकदांडीही त्वचेला लावू नये. काही ठिकाणी मधुमेहावर हिचा काढा घेतला जातो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.