काळा टी-शर्ट आणि तीन गाणी

नमस्कार श्रोतेहो.

हेवी मेटल, म्हणजे दणदणीत गिटार-ड्रमचं रॉक संगीत, ऐकणारा माणूस म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं? खांद्यापर्यंत केस, काळा टी-शर्ट, त्यावर कवटी आणि घरच्यांशी अबोला. मी वीसेक वर्षं हे संगीत ऐकतेय. वेणी घालते, पतपेढीत कर्जवसुलीचं काम बघते आणि घरच्यांशी माझं बरं चाललंय. खरं सांगू? कवटीपेक्षा लोक आमच्या नोटिशीलाच जास्त घाबरतात.

बाहेरच्यांच्या समजुतींचं मला हसू येतं. तर्जनी आणि करंगळी ताठ करून दाखवलेली शिंगं टीव्हीवर पाहून सासूबाईंनी विचारलं होतं, "अगं, ही सैतानाची खूण ना?" ही खूण मेटलमध्ये रुजवली ती गायक रॉनी जेम्स डिओनं, 1979 साली तो ब्लॅक सॅबथ या बँडमध्ये आल्यानंतर. त्याची आजी इटालियन. कुणाची नजर लागू नये म्हणून ती बोटं अशी धरायची. म्हणजे आपल्या मीठ-मोहऱ्यांचीच चुलत बहीण! हे ऐकल्यावर सासूबाईंनी लगेच करून पाहिली. "बरी आहे, मीठ तरी वाया जात नाही," म्हणाल्या.

टोचतं ते आतलं. कॉलेजात मी पहिल्यांदा आयर्न मेडन या बँडचा टी-शर्ट घातला, तर आमच्याच कंपूतला एक जण म्हणाला, "तीन गाणी सांग बघू." माझ्या शेजारच्या मुलानंही तसाच टी-शर्ट घातला होता, त्याला नाही विचारलं. मी पाच सांगितली. मग ड्रमरचं नाव, मग पहिल्या अल्बमचं वर्ष. तोंडी परीक्षाच म्हणा ना.

आमच्यात सगळ्यात वाईट शिवी म्हणजे 'पोझर'. नुसता आव आणणारा. ती आपल्याला चिकटू नये म्हणून मी भीमसेनांचे अभंग हेडफोन लावून ऐकायचे, कुणी विचारलंच तर 'स्लेअर' या मेटल बँडचं नाव सांगायचे. घरच्यांपासून मेटल लपवणारी पोरं पुष्कळ असतील. मित्रांपासून अभंग लपवणारी मी एकटीच असेन.

आणि हा गणवेश तरी कुणाचा? चामड्याचं जाकीट आणि त्यावरचे धातूचे खिळे, हा थाट मेटलमध्ये आणला जुडास प्रीस्ट बँडचा गायक रॉब हॅल्फर्डनं. पोरं त्यालाच मर्दानगी समजून बसली. 1998 साली हॅल्फर्डनं टीव्हीवर शांतपणे सांगितलं की आपण समलिंगी आहोत. तसा पोशाख समलिंगी पुरुषांच्या क्लबांमध्येही आधीपासून रुळलेला. इतकी वर्षं दाराशी उभं राहून 'खरा कोण, खोटा कोण' तपासणाऱ्यांच्या हे ध्यानातही आलं नव्हतं.

आता माझी गोष्ट. फेब्रुवारी 2008, वांद्रे-कुर्ला संकुल. आयर्न मेडनच्या जगदौऱ्यातला पहिलाच कार्यक्रम. गायक ब्रूस डिकिन्सन वैमानिकही आहे. त्या दौऱ्यात बँडचं बोइंग 757 तोच चालवत होता. वार शुक्रवार. माझ्या शेजारी एक गृहस्थ थेट ऑफिसातून आलेले. खोचलेला शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पायाशी डब्याची पिशवी. यांना कुणीतरी फुकट पास दिला असणार, असं मला वाटलं. तीन गाणी विचारावीत असंही वाटून गेलं, कशाला खोटं बोलू!

पहिलं गाणं सुरू झालं. त्यांनी ओळखपत्र खिशात कोंबलं. पुढे शेवटपर्यंत त्यांचा एक शब्द चुकला नाही. माझे दोन चुकले.