पोळ्याला डोळा, होळीला पाय

(ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून.)

मंडळी, माझ्या हातात हे इंजेक्शनच्या बाटलीचं लाल झाकण आहे. तुम्ही मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार ओळखायच्या तपासण्यांबद्दल, एमआरआयबद्दल ऐकायला आलात आणि डॉक्टर झाकण दाखवतोय, असं वाटेल. त्याचं काम पुढं येईल.

काही वर्षांपूर्वी होळीच्या सुमारास एक बाई आली. वय अठ्ठावीसच्या आसपास, हंगामात रोवणीला जाणारी. "मोहफुलं वेचाले गेली त पाय उचलूनच नाही राहिला जी." तिला आधी कुणीतरी कमरेत गॅप आहे असं सांगून पट्टा दिला होता. आपल्याकडे गॅप कुणाच्या कमरेत नसतो? मीही काही मोठा शहाणपणा केला नाही. बी-१२ ची इंजेक्शनं लिहून मोकळा झालो. दुसऱ्या खेपेला विचारलं, याआधी असं काही झालं होतं का? ती म्हणाली, नाही. तेवढ्यात मागून सासूबाई बोलल्या, "काहून, पोळ्याले डोळा नव्हता गेला का तुया?"

त्या एका वाक्यानं निदानाची दिशा फिरली. पोळ्याच्या वेळी तिला उजव्या डोळ्यानं धूसर दिसायला लागलं होतं. बुबुळ फिरवलं की दुखायचं. तीन आठवड्यांत आपोआप सुधारलं, म्हणून सगळे विसरले. मी तिचा एकेक डोळा झाकून हे झाकण दाखवलं. डाव्या डोळ्याला लालभडक, उजव्याला विटलेलं, धुऊन धुऊन रंग गेलेल्या लुगड्यासारखं. मग खिशातली टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेली. उजव्या डोळ्यावर उजेड आला की बाहुली आकसायच्या ऐवजी किंचित मोठी व्हायची. म्हणजे त्या डोळ्याची नस अजून पुरती सावरली नव्हती.

संशय आला मल्टिपल स्क्लेरोसिसचा, सगळे एमएस म्हणतात. यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेवरचं मायलिनचं वेष्टण कुरतडते. वायरीवरचं रबर उंदरानं खावं तसं. असं करणारे आजार आणखी आहेत, म्हणून निदानाला दोन प्रश्न विचारायचे: इजा किती ठिकाणी, आणि किती वेळा? २००१ साली मॅकडोनाल्ड या मेंदूविकारतज्ज्ञांच्या नावानं निकष आले, पुढे २००५, २०१०, २०१७ आणि २०२४ मध्ये सुधारले. गाभा हेच दोन प्रश्न. झटका, म्हणजे डोळा किंवा पाय असा एकाएकी जाणं, मोजायचा तर तो निदान २४ तास टिकलेला हवा, तापात आलेला नको, आणि दोन झटक्यांत ३० दिवसांचं अंतर हवं. पोळा ते होळी म्हणजे सहा महिने. तारीख कुणालाच आठवत नव्हती, पण सण आठवला आणि तेवढ्यावर काम झालं.

आता एमआरआय. शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं, तेव्हा मायलिन कुरतडल्याचे डाग पाहायला शवविच्छेदन करावं लागे. जिवंत माणसात ते एमआरआयवर दिसायला लागले १९८१ पासून. यात एक्स-रेची किरणं नसतात, असतो मोठा लोहचुंबक आणि थ्रेशरसारखा खडखडाट. जोडवी, क्लिपा, मंगळसूत्र सगळं बाहेर ठेवावं लागतं. आमच्या बाईनं मंगळसूत्र काढायला नकार दिला. सासूनं ते स्वतःच्या मुठीत धरलं, तेव्हा कुठे ती आत गेली.

रिपोर्टात "पांढरे डाग" वाचून घाबरू नका. अर्धशिशीत, बीपीत, वयोमानानंही डाग दिसतात. सिकलसेलच्या रुग्णातही दिसतात, आणि सिकलसेल आपल्या भागात काही कमी नाही. जागा कोणती ते महत्त्वाचं: मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना चिकटून, वरच्या थराला लागून, मेंदूच्या देठात किंवा लहान मेंदूत, आणि मज्जारज्जूत. २०२४ च्या सुधारणेत डोळ्याची नसही पाचवी जागा म्हणून मोजायला घेतली. गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं की ताजा डाग उजळतो, जुना उजळत नाही. एकाच फिल्मवर दोन्ही दिसले, तर "किती वेळा"चंही उत्तर मिळतं. त्या इंजेक्शनाआधी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चाललंय, ते पाहून घ्यावं.

पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की निम्मे रुग्ण उठून जातात. पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, हा समज पक्का. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या आसपास जाते. तिथं फक्त नसांचे धागे असतात, ते सुईपासून बाजूला सरकतात. शरीर रोज अर्धा लिटरच्या आसपास पाणी नवं तयार करतं, आपण काढतो ते चार चमचेही नसतं. पुढं एक-दोन दिवस बसल्यावर डोकं दुखू शकतं, आडवं पडलं की थांबतं. त्या पाण्यात पाहायचं काय? सिकलसेलच्या तपासणीत इलेक्ट्रोफोरेसिसवर "ए" आणि "एस"चे पट्टे दिसतात, हे इथल्या आशाताईंनाही ठाऊक आहे. तसेच पट्टे इथंही, पण प्रतिपिंडांचे. त्याच दिवशीचं रक्त शेजारी लावतात. पाण्यात दोन किंवा जास्त पट्टे आहेत आणि रक्तात नाहीत, म्हणजे भट्टी मेंदूच्या आतच पेटलेली आहे. पट्टे नाहीत म्हणून आजार नाही, असं मात्र नाही.

डोळ्यानं पाहिलेलं मेंदूपर्यंत किती वेळात पोचतं ते सांगणारी व्हीईपी ही तपासणी साधी. पडद्यावर काळे-पांढरे चौकोन अदलाबदल करतात, डोक्याच्या मागं तारा लावतात. लहर शंभर मिलिसेकंदांच्या आसपास यायला हवी. आमच्या बाईची उजव्या डोळ्याची लहर उशिरा आली. जाताना केस धुऊन जा, तेल लावून तारा चिकटत नाहीत.

दुसरे आजार वगळणं हीसुद्धा तपासणीच. बी-१२, एचआयव्ही, उपदंशासाठीची व्हीडीआरएल पाहायचं, क्षयाचा विचार करायचा. एनएमओ नावाचा, डोळ्याच्या नसेवर आणि मज्जारज्जूवरच जास्त उठणारा, एमएसचा चुलतभाऊ आहे, त्याची अॅक्वापोरिन-४ ही रक्ततपासणी २००४ च्या शोधातून आली. गरज वाटेल तिथं ती करायलाच हवी, कारण एमएसची काही औषधं एनएमओ वाढवतात. आणि आपल्या भागातली खास गोष्ट, लाखोळी डाळ. महिनोन्‌महिने तिच्यावरच पोट भरलं तर पाय ताठरतात. पण त्यात दोन्ही पाय सारखे जातात, डोळा जात नाही, मुंग्या येत नाहीत, आणि येऊन-जाऊन बरंही होत नाही. म्हणून मी म्हाताऱ्यांना खाण्याचंही विचारतो.

एक तपासणी आपल्याकडे फुकटात होते. पूर्वी डॉक्टर एमएसच्या संशयिताला गरम पाण्यात बसवून पाहत, कारण अंग तापलं की जुनी लक्षणं डोकं वर काढतात. ऊटहॉफ यांनी १८९० मध्ये ते नोंदवलं. आता ती पद्धत कुणी वापरत नाही. पण आपल्याकडे नवतपा असतो! मे महिन्यात या बाईचा पाय पुन्हा जड झाला, डोळा धूसर झाला. घरच्यांना वाटलं, आला नवा झटका. ओला टॉवेल मानेवर ठेवून कूलरपुढं बसवलं, तासाभरात सगळं पूर्ववत. तो झटका नव्हता, ऊन होतं.

वर्षभरानं दुसरा एमआरआय झाला. नवा डाग आहे का हे सांगायला रेडिऑलॉजिस्टनं जुनी फिल्म मागितली. सीडी हरवली होती, आणि फिल्म? सासूबाईंनी शांतपणे सांगितलं, "ते त पोट्ट्यायनं गिऱ्हान पाहाले कापली जी."