सही केली, मग हक्क गेला का?

1981 च्या जुलैत, ऐन पावसात, मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईच्या फुटपाथवरच्या झोपड्या हटवायचं जाहीर केलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तिथं झोपडीवाल्यांच्या वतीनं कबूल केलं गेलं, की फुटपाथवर झोपडी बांधायचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही आणि 15 ऑक्टोबरनंतर पाडापाडीला आडवे येणार नाही. पुढं हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला, तेव्हा पहिली हरकत अर्थातच हीच: शब्द देऊन बसलात, आता फिरता कसे?

हाच ओल्गा टेलिस खटला. निकाल 10 जुलै 1985 चा, पाच न्यायमूर्तींचा, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेला. त्यात म्हटलं आहे, की कबुलीनं राज्यघटनेला बांध घालता येत नाही. मूलभूत हक्क एकट्याच्या मालकीचा नसतो, तो सगळ्या समाजाच्या भल्यासाठी असतो. म्हणून तो सोडून देता येत नाही. झोपड्या मात्र त्यामुळं वाचल्या नाहीत. पावसाळा सरेपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत, तेवढी मुदत मिळाली.

ही वाट आधी बशेशरनाथ खटल्यात पडली होती. या गृहस्थांनी 1954 मध्ये आयकर चौकशी आयोगामार्फत तडजोड केली आणि हप्ते भरायला लागले. ज्या कायद्याखाली त्यांची चौकशी झाली, त्याचं मुख्य कलमच पुढं समानतेच्या हक्काविरुद्ध ठरलं. त्यांची तडजोडही टिकली नाही.

इथं बरेचजण खूश होतात आणि फसतात. कारण पैशाचा दावा आणि मूलभूत हक्क या दोन वेगळ्या गोष्टी. ‘मी कधीच कोर्टात जाणार नाही’ असं कुणी सरसकट लिहून घेतलं, तर 1872 च्या करार कायद्याचं कलम 28 ते मोडीत काढतं. पण उभा राहिलेला वाद पैसे घेऊन मिटवलात, तर तो मिटला. सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्याचा निवाडा संमतीनं झाला, की वाढीव मोबदल्यासाठी संदर्भ अर्ज, म्हणजे वाद न्यायालयाकडे पाठवा असा अर्ज, चालत नाही, हे कर्नाटकातल्या एका प्रकरणात 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. समोर सरकार आहे म्हणून वेगळा न्याय नाही.

माझे एक अशील भूसंपादनाचा चेक घ्यायला गेले. पावतीवर सहीच्या वर त्यांनी लिहिलं: ‘रक्कम अपुरी आहे, हरकत राखून स्वीकारली.’ कारकून म्हणाला, “काका, असलं काही लिहिलंत तर चेक मिळणार नाही.” काकांनी खोडलं आणि साधी सही केली. 1894 च्या भूसंपादन कायद्याचं कलम 31 म्हणायचं, हरकत नोंदवून रक्कम घेता येते. आणि लगेच पुढं म्हणायचं, हरकत न नोंदवता घेतली तर वाढीव मोबदला मागता येणार नाही. त्याच्या जागी आलेल्या 2013 च्या कायद्यातही कलम 77 मध्ये हेच आहे. कारकुनानं त्यातलं पहिलं वाक्य अडवलं. काकांच्या वाट्याला दुसरं आलं.